बाबुलालचं लिंबू

"खिडकीजवळची जागा द्या जी, कंडक्टरसाहेब. पुढची द्या. मागं लय हादरते."

बाबुलाल माझी गाडी रोज धुतो, पण प्रवासी म्हणून गाडीत चढताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सोबत बायको, मोतीबाई. बाई चालताना झोकांड्या खात होती आणि या गड्याने तिच्या ओढणीचं टोक तेवढं चिमटीत धरलं होतं. बायकोला नीट धरायला काय होतं याला, असं मला वाटलं. कारण मागाहून कळलं.

पुढच्या बाकावर एक शेटजी पसरले होते. उठायला तयार नाहीत. "काहून उठू? मी आधी बसलो."

मी तोंडाचा फटकळ माणूस. म्हणालो, "बसा ना मग, शेटजी. बाई धोतरावर ओकली तर मले सांगू नका."

शेटजी टुणकन उठले.

पांढरकवड्याच्या मोटार स्टँडवर बाबुलालचं काम एकच, गाड्या धुणं. तेव्हा सरकारी मोटारी नव्या होत्या आणि माणसांची हाडं बैलगाडीला सरावलेली. दोन वळणं झाली की याची मान खिडकीबाहेर, त्याची मान खिडकीबाहेर. संध्याकाळी गाडी स्टँडवर लागायची तेव्हा तिच्या दोन्ही कुशींवर ओघळच ओघळ. बाबुलाल बादली, नारळाची शेंडी आणि फिनेल घेऊन यायचा आणि नाक न मुरडता सगळं धुवायचा. मी एकदा विचारलं, "तुले किळस नाही येत काय रे?"

"कायची किळस? माझा आजा बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यचा, साहेब. बैलानं शेण टाकलं म्हणून कोणी बैल सोडून देते काय?"

त्याच्या खिशात कायम लिंबू, लवंगा आणि वाळवलेला आवळा असायचा. गाडी सुटायच्या आधी तो खिडक्यांजवळून एक चक्कर मारायचा. "माय, लिंबू हुंगत राह्य. लवंग दाढेखाली धर. समोर पाह्य, खाली नको पाहू." निम्म्यांना त्यानं बरं वाटायचं. उरलेल्यांचं संध्याकाळी तोच धुवायचा.

बाबुलालला मूलबाळ नव्हतं. आणि त्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी संपत आली असताना, मोतीबाईला सकाळी सकाळी उमासे यायला लागले. त्यांच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात नुसता आनंद! शेजारची रुपीबाई ओरडतच फिरली, "बाप्पा बाप्पा! चाळिशीत पाळणा हालते आता!" कोणी चिंच आणून दिली, कोणी भाजलेले चणे, कोणी चुलीची भाजकी माती. बाबुलालनं स्टँडवर गूळ वाटला. आम्ही त्याला सोडतो काय? "काय रे, लोकांची ओकारी धुता धुता घरची ओकारी गोड लागून राह्यली काय?" तो लाजून बादलीत तोंड घालायचा.

घरी मात्र त्याचं काही चालेना. तो लिंबू कापून द्यायचा, आल्याचा रस काढून द्यायचा, आणि मोतीबाई वाटी बाजूला सारायची. "नको मले औषध. ओकारी थांबली अन् पोर नाही टिकलं त?" त्या ओकारीवर तिचा सगळा भरवसा होता. बाईनं ती जिवापाड जपली.

चैत्र लागला. पोट जड झालं, हात मात्र काटक्यांसारखे झाले. दंडातल्या पांढऱ्या बांगड्या, बलिया म्हणतात त्यांना, मनगटावर घसरायच्या. नवरा आहे तोवर त्या उतरवायच्या नाहीत, म्हणून ती आत चिंध्या कोंबून त्या घट्ट करायची. एक दिवस घाटंजीची दाई आली. तिनं पोट चाचपलं, हात धुतले आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. तेव्हा बाबुलालला कळलं, हे पोराचं पोट नव्हे.

मग उपायांची नुसती झोड उठली. आलं मधातून. वेलदोड्याची साल जाळून. मोरपिसाची राख. पुदिना, तांदळाची पेज, लाह्यांचं पाणी. माझ्या घरून मोरावळा गेला. काही म्हणजे काही टिकेना, पाण्याचा घोटसुद्धा उलटायचा. त्यात आणखी एक झालं. तिला बाबुलालचाच वास सहन होईना. डिझेल, फिनेल आणि सगळ्या जिल्ह्याची ओकारी त्याच्या अंगात मुरलेली. तो जवळ गेला की तिला उमळून यायचं आणि ती रडायची. "तुमचा राग नाही हो. पण दूर बसा." तेव्हापासून तो अंगणात निजायचा. कामावरून निघताना कापलेलं लिंबू कोपरापर्यंत चोळायचा, तरी वाटी उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचा.

तर त्या दिवशी ती दोघं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात निघाली होती. मोतीबाई खिडकीशी, आणि बाबुलाल बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्याच वळणावर तिची मान बाहेर गेली. घाटंजीला बाजाराची गर्दी चढली आणि जो तो वैद्य झाला.

"जिरं भाजून द्या हो बाईले."

"साळीच्या लाह्या भिजवून पाजा."

"अन् लिंबू? लिंबू दिलं काय?" एका म्हातारीनं विचारलं.

बाबुलाल प्रत्येकाला हात जोडत होता. "हो माय. देतो. हो भाऊ, लाह्या देतो." सगळं देऊन झालेला माणूस तो. मला तिकिटं फाडवेनात. वाटलं, ओरडून सांगावं सगळ्यांना, गप बसा रे! पण लोक चांगल्या मनानं सांगत होते. त्यांना काय बोलणार?

दुपारच्या परतीच्या गाडीला ती दोघं पुन्हा आली. मी खुणेनंच विचारलं. बाबुलाल मला गाडीच्या मागं घेऊन गेला.

"गाठ हाये म्हणते पोटात. फार मोठी झाली म्हणते."

"मग? इलाज?"

"घरी न्या म्हणले. जे आवडन ते खाऊ घाला." तो जमिनीकडे बघत होता. "काय आवडते तुले, म्हणून मी तिलेच विचारलं, साहेब. म्हणे, काहीच नको. जवळ बसा."

त्यानं खिशातून लिंबू काढलं, चाकूनं कापलं. हातांना चोळलं, मानेला चोळलं, सदऱ्याच्या छातीवरही पिळलं. मग गाडीत चढला आणि भीत भीत तिच्याशेजारी टेकला. मोतीबाईनं डोळे मिटले होते. थोड्या वेळानं तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"लिंबाचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "चांगला येते."

पांढरकवड्यापर्यंत बाबुलाल जागचा हलला नाही. खांद्याला रग लागली असेल, पण नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, "हळू घे रे बाबा, घाई कोणाले हाये?" गाडी उशिरा पोचली आणि शेटजींसारखे दोघेचौघे माझ्यावर खेकसले. खेकसू दिलं.

आषाढात मोतीबाई गेली. बलिया हातात तशाच ठेवून, सवाष्ण गेली, असं रुपीबाई बाजारात भेटली तेव्हा सांगत होती.

बाबुलाल अजून गाड्या धुतो. खिडक्यांजवळून चक्करही मारतो. "माय, लिंबू हुंगत राह्य." संध्याकाळी काम आटोपलं की बादली पालथी घालतो, उरलेलं लिंबू कापतो आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळतो, अगदी बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. नाकाशी नेऊन हुंगतो. मनासारखं झालं नाही तर पुन्हा चोळतो.

मग तांड्याच्या वाटेला लागतो.

आता कायले रे बाबा, असं विचारायला माझ्यासारख्या फटकळ माणसाचीही जीभ रेटत नाही.