गुडघ्यावरचा हात

"गाडी रस्ता सोडून कडेला आली, मग चूक माझ्या अण्णाच्या पायाची कशी?"

बसूनं हे दवाखान्यात विचारलं, चौकीत विचारलं, मातीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विचारलं. कुणी चहाच्या कपात बघितलं, कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि पाठ फिरली की तीच माणसं म्हणायची, बिचारा अधू होता, पटकन बाजूला झाला नसेल.

मी एक चालणारा माणूस बोलतोय. खरं म्हणजे मी आठ चित्रं आहे. ती एकामागून एक भरभर दाखवली की मी चालतो. मला जन्म दिला त्या अण्णानं, म्हणजे बसूच्या थोरल्या भावानं, सोमशेखरनं. तो सोलापुरात डिजिटल बोर्डाच्या दुकानात कामाला होता. वाढदिवसवाल्यांची डोकी कापून कोटातल्या धडावर बसवायची, हा त्याचा धंदा. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो फोटो सुधारायच्या त्याच सॉफ्टवेअरवर मला काढत बसायचा. मोबाइलवर बघून शिकत होता. एका लेअरवर, म्हणजे एका थरावर, एक चित्र.

त्याचा डावा पाय लहानपणापासून बारीक. प्रत्येक डाव्या पावलाला तो त्या गुडघ्यावर हात दाबून चालायचा. माझी उजव्या पावलाची चार चित्रं झाली, आणि त्या गाडीनं त्याला नेलं. मी एक पाय पुढे टाकून तसाच राहिलो.

दुकानाचे मालक यज्ञेश्वर. त्यांनी प्रेमानंच श्रद्धांजलीचा बोर्ड केला. सोमशेखरचं डोकं, खाली कुणाचा तरी निळा कोट आणि दोन ताठ पाय. बसूनं तो चौकात खांबावर चढून टराटरा फाडला आणि चिंध्या दुकानात आणून टाकल्या. मालकांनी मला संगणकावर उघडलं आणि सांगितलं, हे त्यानं स्वतः काढलंय, अर्धं राहिलंय.

बसू आठवी सोडून टेम्पोवर हमाली करणारा. मला पुरं करायला तो दुकानात येऊन बसायला लागला, पण पोती उचलणाऱ्या हाताला माऊस जमेना. एकदा माझा हात मानेतून उगवला. त्यानं टेबलावर बुक्की मारली. मालकांनी सोपी रीत दाखवली: पहिल्या चार चित्रांची नक्कल करायची, हातापायांची अदलाबदल करायची, दुसरं पाऊल तयार. सगळे असंच करतात. पंधरा दुपारी खपून त्यानं तसंच केलं. मी चाललो. ताठ, ऐटीत, दोन्ही पायांवर सारखा.

मोबाइलमध्ये घालून त्यानं मला घरी नेलं आणि अव्वापुढे धरलं. सावित्रम्मा, दोघा भावांची आई.

"बघ अव्वा. आता म्हणू दे त्यास्नी काय म्हणायचं ते."

तिनं बराच वेळ बघितलं. "कोण हाय ह्यो?"

"अण्णा की."

"न्हाय. माजा सोमू आसा चालत न्हवता."

"नीट चालवला तर बगवंना व्हय तुला?"

"म्हंजे तुला बी त्यो पाय चुकीचाच वाटतो की रं."

बसूनं मोबाइल अंथरुणावर फेकला आणि बाहेर गेला. मला वाईट वाटलं नाही, राग आला. माणसांना दुसऱ्याला सरळ करायची केवढी घाई! मेल्यावरही सोडत नाहीत.

बाहेर पायरीखाली अण्णाच्या चपला तशाच होत्या. उजवीची टाच झिजून कागद झालेली, डावी फक्त बाहेरच्या कडेला घासलेली. बसूनं त्या उलट्या करून बघितल्या. मग पायात घातल्या, गुडघा दाबला आणि अंगणात चालायला लागला. अव्वा पायरीवर येऊन बसली.

"खांदा एवडा पडत न्हाय. आनि वाईच वाक. आता उजवा बिगीनं टाक."

तो चालला, चिडला, मांडीत गोळे आले तरी चालला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यानं नकलेची चारही चित्रं पुसली. एकेक नवं काढलं. उजव्यावरून डावा होत नाही, हे त्याला आता पायानंच कळलं होतं. डाव्या पावलाला माझा हात गुडघ्यावर आला, खांदा झुकला, उजवा पाय घाईनं पुढे आला. मालकांनी बघितलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

संध्याकाळी अव्वानं मला ओळखलं. ती पडद्यावर बोट ठेवून राहिली. पण आठवं चित्र संपलं की पहिलं यायचं, मी थांबतच नव्हतो.

"कवाधरनं चालतोय त्यो," ती शेवटी म्हणाली. "बसव की रं त्याला."

कुणी अजून माझ्या पायाला बोल लावणार असेल, तर त्यानं आधी बसूच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. मला आणखी काही मागायचं नाही. मी पोचलोय.

कारण बसूनं अव्वासाठी आणि अण्णासाठी एक नववं चित्र काढलं. त्यात घराची पायरी आहे, चपला काढून ठेवलेल्या आहेत, मी बसलोय. सगळ्यात शेवटी त्यानं माझा हात गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला.