दादाने बंद केलेलं फाटक

माझा दादा वेल्डर. त्याचा जोड तुटलेला कुणी दाखवावा, मी नाव बदलून घेईन! सहा वर्षांपूर्वी दंगल झाली, तेव्हा आमच्या आणि पलीकडच्या वस्तीमधलं लोखंडी फाटक त्यानेच वेल्डिंग मारून कायमचं बंद केलं. बॅटरी मी धरली होती. "आणखी चार टाके मार," असंही मीच म्हणाले होते.

परवा दादाचा एकुलता एक मुलगा स्कूटरवरून पडला. मेंदू गेला, हृदय तेवढं चालू होतं. डॉक्टरीणबाईंनी हृदयदानाचं विचारलं आणि दादाने सही केली. मग कळलं, हृदय पलीकडच्या वस्तीतल्या इस्पितळात जाणार.

"त्यांना?" माझं डोकंच फिरलं. "आपलं घर जाळलं त्यांनी!"

"तू गप्प बस गं. बाहेरच्या रस्त्याने दोन तास लागतात. तेवढ्यात हृदय वाया गेलं तर?" डॉक्टर आत काम करत होते, तोवर दादा कटर घेऊन फाटकाशी पोचलासुद्धा. मी धुसफुसत मागे.

कटर किंचाळत होता, पण जोड काही सुटेना. "कशाला एवढं पक्कं काम केलं मी!" दादा रडकुंडीला आला. तेव्हा मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला. तूट रे बाबा, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात खालच्या बाजूला ठिणग्या उडाल्या. फटीतून पाहिलं, तर पलीकडून एक म्हातारा कटर चालवत होता. कटर धरायची तर बोंबच!

"अहो आजोबा, सरळ धरा, बोटं जातील!" दादा ओरडला. सहा वर्षांत आमच्या बाजूने तिकडे गेलेला तो पहिला शब्द. मग दादाने डोळ्यांवरचा चष्मा काढून फटीतून त्यांना दिला.

फाटक उघडलं आणि दहाच मिनिटांत रुग्णवाहिका आली. दोन्हीकडची माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. ज्याला मी कडेवर खेळवलं, त्या माझ्या भाच्याचं काळीज एवढ्याशा डब्यातून कुणाला तरी जगवायला चाललं होतं. अंगावर काटा आला माझ्या. देवा, केवढी ही गोष्ट!

म्हाताऱ्याने चष्मा परत केला. "माझ्या नातीसाठी आहे ते. नऊ वर्षांची आहे. तुमचं कोण...?"

"मुलगा."

म्हाताऱ्याचे डोळे वाहायला लागले.

"रडत काय उभे राहिलात?" दादा म्हणाला. "जा, पोर शुद्धीवर येईल तेव्हा कुणीतरी जवळ हवं."