लाकडी फोनचा घासलेला कोपरा

मित्रांनो, माझ्यावरून आजवर कुणाला फोन लागलेला नाही आणि पुढेही लागणार नाही, कारण मी लाकडाचा आहे. आकाराने फोनएवढा, वजनाने फोनएवढा, पोटात शिशाची पट्टी आणि तोंडावर चिकटवलेला छापील कागद. त्या कागदावर घड्याळही आहे, पण ते पहिल्या दिवसापासून एकाच वेळेला अडून बसलं आहे. तरीही माझ्यापायी दोन मोठ्या कंपन्या कोर्टात एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. हे ऐकून हसू येत असेल तर खुशाल हसा. मलाही येतं, पण आधी जरा वाईट वाटतं आणि मग येतं.

माझा जन्म एका फोन बनवणाऱ्या कंपनीच्या नमुनाघरात झाला. वरच्या काचेच्या मजल्यावर चित्रं काढणारे साहेबलोक बसत. खाली तळघरात, जिथे पाहुण्यांना कधी नेत नसत, तिथे लाकडाचे आणि फोमचे नमुने घडत. भुसा सगळीकडे. चहाच्या कपातसुद्धा भुसा. मला घडवणारी बाई दिवसभर पॉलिश पेपर घेऊन काही ना काही घासत बसलेली असायची, म्हणून सगळे तिला घासूताई म्हणत. तिला या नावाचा राग नव्हता. टेबलावरचा फोन वाजला की तीच म्हणायची, "हां, घासू बोलतेय."

नमुनाघराची एक रीत होती. नमुना तयार झाला की तो लगेच वर पाठवायचा नाही. ज्याने घडवला त्याने आधी तो खिशात घालून जगायचं. बसमध्ये काढून बघायचा, चालता चालता कानाला लावायचा, झोपताना उशाशी ठेवायचा. कुठे टोचतो आणि कुठून निसटतो हे हाताला आपोआप कळतं. आजूबाजूचे लोक वेड्यासारखे बघतात, पण त्याला इलाज नाही. या रीतीमुळेच मी ताईच्या घरी गेलो आणि माझं नशीब उघडलं.

घर लहान होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची होती आणि खुर्चीत ताईचे वडील बसत. त्यांनी उभं आयुष्य बस चालवली होती. तळहात चांगले रुंद, बोटं जाडजूड, पण आता त्या हातांना कंप सुटला होता. चमचा, पेला, चष्मा, काहीच त्यांच्या हातात टिकत नसे. कप फुटला की ते शांतपणे खाली बघून म्हणत, "याला घाई होती जायची."

पहिल्याच संध्याकाळी ताईने मला त्यांच्या हातात दिलं. "बाबा, जरा धरून बघा. कुठं निसटतो ते सांगा."

"याला चार्जिंग लागतं का?"

"नाही."

"मग बरा आहे. तुझ्यापेक्षा कटकट कमी." असं म्हणून त्यांनी मला कानाला लावलं. "हॅलो, चिमी आहे का तिथं? तिला सांगा, म्हातारा कधीचा चहाची वाट बघतोय."

चिमी म्हणजे आमची ताईच. ती स्वयंपाकघरात गेली होती. तिने तिथूनच रिकामी मूठ कानाला लावली. "राँग नंबर लागलाय काका. ठेवा फोन."

बाबा खूप हसले आणि हसता हसता मी त्यांच्या हातून पडलो.

मग हा रोजचाच खेळ झाला. संध्याकाळी बाबा फोन लावायचे, ताई राँग नंबर म्हणायची आणि मी पडायचो. मी कुठल्या बोटाशी निसटलो हे ताई बघायची आणि दुसऱ्या दिवशी तिथे कानस चालवायची. असा माझ्या पाठीवर एक खळगा झाला, बाबांचं बोट विसावण्यापुरता. एकदा मात्र मी फरशीवर असा आपटलो की खालचा कोपराच चेचला. नमुनाघरातल्या दुसऱ्या कुणी मला फेकून दिलं असतं, नाहीतर खाचा बुजवायचा लांबीचा लगदा भरून कोपरा पुन्हा चौकोनी केला असता. ताईने दोन्ही केलं नाही. बाबांना टोचू नये म्हणून तिने तो चेचलेला कोपरा तिरका घासून टाकला.

त्या संध्याकाळी मी पडलो नाही. तो तिरका कोपरा बाबांच्या अंगठ्याच्या मुळाशी जाऊन असा बसला की हलेना. हाताची थरथर माझ्या लाकडात शिरत होती आणि तिथेच कुठेतरी जिरत होती. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "चिमे," ते म्हणाले, "हा राहिला की गं हातात." त्या दिवशी ताईचा चहा उतू गेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी तोच सांगेन.

पुढे मी वरच्या मजल्यावर गेलो. साहेबांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हा कोपरा कमाल आहे." यंत्राने माझी मापं घेतली. मापं घेऊन झाल्यावर नमुन्याला विचारतो कोण? ताईने मला गुपचूप पिशवीत टाकलं आणि घरी आणून बाबांच्या हातात दिलं. काही महिन्यांनी माझ्या कोपऱ्याचा खरा फोन बाजारात आला आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. जाहिरातीत लिहिलं होतं की हा कोपरा वाऱ्याने झिजलेल्या खडकावरून सुचला आहे.

बाबांनी ती जाहिरात दोनदा वाचली. "खडक म्हणजे मी का गं?" त्यांनी विचारलं.

ताईने त्यांच्यासाठी तो खरा फोनही आणला होता. पण फोन बारीक दिसावा म्हणून साहेबांनी पाठीवरचा खळगा जवळजवळ बुजवून टाकला होता. तो बाबांच्या हातून निसटलाच. खरा फोन टेबलावर राहिला आणि मी हातात राहिलो.

अशात समोरच्या, म्हणजे आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीचा नवा फोन आला आणि त्यालाही तसाच तिरका कोपरा. आमच्या कंपनीने दावा ठोकला की आमचं डिझाइन चोरलं. समोरचे म्हणाले, कोपरा घासणं हा काय शोध आहे, आम्हीही आमच्या डोक्याने घासला. आमच्या संगणकातल्या चित्रांवरच्या तारखांवर त्यांचा विश्वास बसेना. हात लावून बघता येईल असा सगळ्यात पहिला नमुना त्यांना हवा होता. तळघर धुंडाळून झालं आणि मग आमच्या कंपनीचे वकील ताईच्या दारात उभे राहिले.

वकिलांनी आधी पांढरे हातमोजे चढवले. बाबा मला सोडेनात. "बाबा, द्या त्यांना," ताई म्हणाली. "आठवड्याभरात परत आणते."

"नक्की?"

"नक्की. मी कधी तुम्हाला खोटं सांगितलंय?"

बाबांनी मला कानाला लावलं. "हॅलो," ते हळू आवाजात म्हणाले, "लवकर या." मग त्यांनी मला दिलं. मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी सील केली आणि तिच्यावर नंबर चिकटवला.

वकिलांच्या कपाटात माझ्या शेजारीच समोरच्या कंपनीचा फोन ठेवला होता. तोही पिशवीत, त्यालाही नंबर. मला त्याचा भारी राग आला होता. पण निरखून पाहिलं तेव्हा राग ओसरला. त्याचा कोपरा हुबेहूब माझ्यासारखा होता आणि तो बिचारा जन्मात कधी पडला नव्हता. आपला कोपरा असा का आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आठवडा उलटला, दुसराही उलटला. सुनावणीच्या दिवशी ताई कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलांना गाठून म्हणाली, "वडील रोज विचारतायत. हा परत कधी मिळेल?"

"अहो, हा आपला महत्त्वाचा पुरावा आहे," वकील म्हणाले. "महत्त्वाचा नसता तर आजच नेला असतात. आणि आत विचारलं तर सांगायचं, अनेक वर्षांच्या संशोधनातून हा आकार सुचला. बाकी काही बोलायचं नाही."

ताईने मान डोलावली. पण मला तिची मान चांगली माहीत होती. ती वकिलांचं 'महत्त्वाचा नसता तर' एवढंच मनात घोळवत होती.

ती साक्षीला उभी राहिली. समोरच्या वकिलांनी माझी पिशवी उंच धरून विचारलं, "हा कोपरा तुम्हाला कसा सुचला?"

"सुचला नाही," ताई म्हणाली. "वडिलांच्या हातून हा फरशीवर पडला आणि कोपरा चेचला. त्यांना टोचायला नको म्हणून मी घासला." मग ती न्यायाधीशबाईंकडे वळली. "मॅडम, यात शोधबिध काही नाही. साधा ठोकळा आहे. कुणाच्या कामाचा नाही. माझे वडील वाट बघतायत, एवढा मला परत द्या."

आमच्या वकिलांचा चेहरा पडला होता. ते थोडा वेळ कागद चाळत राहिले आणि मग एकदम ताठ उभे राहिले. "म्हणजे आमचा कोपरा एका विशिष्ट घरात, विशिष्ट फरशीवर पडून झाला," ते म्हणाले. "समोरच्या कंपनीने सांगावं, त्यांचा कुठे पडला होता?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशबाईंनी पिशवी उजेडात धरली. घासूनसुद्धा माझ्या कोपऱ्यात चेचलेल्या लाकडाचे तंतू थोडे दिसत होते. "हा नमुना फार मोलाचा आहे," त्या म्हणाल्या. "खटला संपेपर्यंत तो कोर्टाच्या ताब्यात राहील."

ताईचं तोंड एवढंसं झालं. मला सोडवायला ती खरं बोलली होती आणि त्या खऱ्यानेच मला अडकवलं होतं. बाबांना आज काय सांगायचं, हाच विचार तिच्या चेहऱ्यावर होता. मला घेऊन जाताना ती दारापर्यंत मागे आली आणि मग दार लागलं.

त्यानंतर मी कोर्टाच्या पुरावे ठेवायच्या कोठडीत राहिलो. खटला एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेला. मला बाहेर काढत, मोजत, फोटो काढत आणि पुन्हा कुलपात ठेवत. इतक्या आदराने मला कुणी कधी हाताळलं नव्हतं आणि इतकं परकंही कधी वाटलं नव्हतं. हातमोज्यातले ते हात अगदी स्थिर असत. मला थरथर हवी होती. तो रुंद, खडबडीत तळहात, ते जाड बोट आणि तो "हॅलो, चिमी आहे का" हवा होता. संध्याकाळ झाली हे कुलपात कळत नाही, तरी मला रोज कधीतरी वाटायचं की आता बाबा हात पुढे करत असतील आणि हातात काहीच येत नसेल. त्या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा.

शेवटी काय झालं ठाऊक आहे? निकाल लागलाच नाही. दोन्ही कंपन्यांचे मोठे साहेब एका टेबलाशी बसले आणि त्यांनी तडजोड केली. तुम्ही आमचा कोपरा वापरा, आम्ही तुमचा कॅमेरा वापरतो. हात मिळवले, फोटो काढले. तोवर तिरक्या कोपऱ्याची हौस फिटली होती आणि बाजारात तसा फोन कुणालाच नको होता. माझी आठवण कुणाला झाली नाही. फक्त ताई अधूनमधून कोठडीच्या खिडकीशी येऊन चौकशी करत राहिली. एके दिवशी तिथल्या कारकुनानेच तिला हाक मारली. "ओ ताई, तुमचा तो ठोकळा घेऊन जा एकदाचा. उगाच जागा अडवून बसलाय."

ताईने पायरीवरच पिशवी फाडली. बसमध्ये तिने मला खिशात मुठीत धरून ठेवलं होतं. तिच्या केसांत आता भुशाखेरीजही पांढरं होतं. मी मात्र मनाने केव्हाच घरी पोहोचलो होतो.

खिडकीशी तीच खुर्ची होती. बाबा खूप वाळले होते. आणि मित्रांनो, त्यांच्या हातात फोन होता. लाकडाचा, माझ्यासारखा, फक्त रंगाने गडद. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी ताईने तो नुसत्या आठवणीवर घडवला होता. माझी नक्कल माझ्याच ताईने केली होती. माझ्या पोटातलं शिसं अधिकच जड झालं.

"बाबा, बघा कोण आलंय," ताई म्हणाली. "तुमचा जुना."

बाबांनी दुसरा मांडीवर ठेवला आणि मला घेतलं. तोच हात, तीच थरथर. किती वाट पाहिली होती मी. आणि मी निसटलो. त्यांनी पुन्हा उचललं, मी पुन्हा मांडीवर पडलो. हात आटला होता आणि बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती. माझा खळगा त्या बोटाला आता सापडत नव्हता. त्या दुसऱ्याला ताई एवढी वर्षं बाबांच्या बदलत्या हाताप्रमाणे घासत आली होती. त्याचा खळगा खोल होता आणि दोन्ही कोपरे तिरके होते. ज्याला अस्सल म्हणून कुलपात जपलं, तो मी आता त्या हाताचा राहिलो नव्हतो.

"याला घाई झालीय," बाबा म्हणाले आणि त्यांनी मला ताईच्या हातात दिलं. "तू ठेव हा."

ताई मला धरून तशीच उभी राहिली. बाबांनी सावकाश दुसरा फोन कानाला लावला. "हॅलो, चिमी आहे का तिथं?"

ताईने आजवर रिकामी मूठच कानाला लावली होती. आज तिने मला लावलं. "आहे," ती म्हणाली. "बोला बाबा."

"आज राँग नंबर नाही लागला?"

"नाही. आज बरोबर लागला."

"मग चहा टाक," बाबा म्हणाले. "दोन्हीकडे फोन झाले आता. बरं झालं."

ताईचा हात कधी कापत नसे. त्या वेळी मात्र कापत होता, आणि तिचा अंगठा माझ्या घासलेल्या कोपऱ्यावर होता. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरलो ती थरथर मला अशी मिळाली.

मित्रांनो, हल्ली मी स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी असतो, म्हणजे फोन आला की ताईला चटकन सापडतो. आधी कुणाचं आणि नंतर कुणाचं हा वाद मोठ्यांना घालू द्या, त्यांना वेळ असतो. माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरात कुणी कधी ठोकळ्यावरून, चमच्यावरून किंवा नुसत्या मुठीवरून तुम्हाला फोन लावला, तर चेष्टा जरूर करा, पण आधी तो उचला.