देवाच्या दारातलं बूट

मिसरातल्या बुटांची गोष्ट मी तुमाला ह्याच चावडीत पंधरा-इस येळा सांगितली आसंल. दर येळी तुमी हासला, आन मीबी हासलो. आज परत सांगतो. आज हासू नका, कारन ती गोष्ट खोटी हुती. मदी कुनी बोलू नका. अंबाजीआबा, तुमीबी न्हाई. मला राग लौकर येतो हे तुमाला ठाव हाय, आन आज तो माजा मलाच आलाय.

बेचाळीस साल. आमची पलटन कैरो शेराभायेर वाळूत तळ ठोकून हुती. एक दिवसाची सुट्टी मिळाली आन आमी तिगं फिराया निगालो. मी, बेडश्याचा हौशीराम, आन आपल्या वरल्या वस्तीवरचा कोंडू. कोंडूला भरतीला मीच नेलता. मळवलीच्या टेसनावर पयल्यांदा आगगाडीत चढला तवा माजा सदरा धरून चढला. इसापूर गडाच्या खाली आमी दोगांनी संगं गुरं राखल्याली, म्हून मला 'अरं महिपा' म्हनायचा. त्याच्या तोंडात 'तुमी' कदी आलंच न्हाई.

सकाळी शेर बगितलं. ट्राम बगितली, मोठी नदी बगितली, नदीत शिडाच्या होड्या. कोंडू म्हनला, "आपली इंद्रायनी हिच्या एका काठालाबी पुरायची न्हाई." दुपारच्याला पिरॅमिडापाशी गेलो. हौशीरामानं उंटावर बसून फोटू काडायचा हट्ट धरला. फोटूवाल्यापाशी ही गर्दी. म्हनलं, तू बस उंटावर, आमी जरा फिरून येतो.

हितपातूर गोष्ट खरी हुती. आता पुडचं ऐका.

बाजूला खडकात कोरल्याली दारं हुती. तितला एक वाटाड्या म्हनला, ही मोठ्या लोकांची थडगी. पन आमाला दोगांना थडगं दिसलंच न्हाई. दगडी चौकट, खांब, आत अंधार आन गारवा. आमी चैतात एकवीरेला कारल्याला जानारी मानसं. डोंगरात लेनं दिसलं की दारात देव आसनार, एवडंच आमाला म्हाईत. मी इचार केलाच न्हाई. खाली बसलो आन बुटाच्या नाड्या सोडल्या.

व्हय, मीच. कोंडू न्हाई.

कोंडू म्हनला, "तू जा महिपा, मी बसतो जोड्यांपाशी." मी म्हनलं, "ये की आत, कोन नेतंय." मग त्यानंबी बूट काडलं, पन त्यानं नाड्या एकमेकांना बांदल्या आन जोडी गळ्यात अडकावली, नदी उतरताना आपन अडकावतो तशी. आत काय, मोकळी खोली. भितीवर बैलं कोरल्याली. दोगांनी बैलांनाच हात जोडलं. भायेर आलो तर माजं बूट न्हाईत. कुनी नेलं देव जानं. आपल्याच एकाद्या जवानानं नेलं आसतील.

आता पलटनीत बूट हरवनं म्हंजी काय ते तुमाला सांगाया पायजे. ती सरकारी चीज. हरवली की साहेबापुडं उबं ऱ्हायाचं आन शिक्षा घ्यायची. माजी तर पुडल्या आठवड्यात फीत लागायची हुती, नाईकाची. बूट हरवल्याला मानूस नाईक कसला हुतोय. मी तितंच वाळूत मटकन बसलो आन रडायचाच बाकी ऱ्हायलो.

कोंडूनं गळ्यातली जोडी काडली आन माज्यापुडं ठिवली. म्हनला, "घाल. माजं पाय अनवानीच वाडल्यात."

मी एकदाबी नगं म्हनलो न्हाई. एकदा तरी म्हनायचं का न्हाई? तोंडदेकलं तरी? न्हाई म्हनलो. घातली, नाड्या बांदल्या आन उटलो.

हौशीराम उंटावरनं उतरून आला. त्यानं कोंडूचं पाय बगितलं. "आयला कोंडू, बूट कुटं टाकलंस?" कोंडूनं माज्याकडं बगितलं. मी बगत हुतो पिरॅमिडाकडं. मग तोच म्हनला, "लेनं बगून देवाच्या दारात काडलं, गेलं." हौशीराम पोट धरून हासला. आन त्याच्या संगं मी हासलो. म्हनलं, "वस्तीवरचं येडं हाय, त्याला काय कळतंय."

दिवं लागायच्या टायमाला शेरात आलो. एका नाचाच्या हाटेलात जायाचं हे आमी आठ दिस आदीपासून ठरावलं हुतं. दारावरच्या मानसानं कोंडूला अडावलं. अनवानी मानूस आत न्हाई. कोंडू म्हनला, "जावा तुमी, मी बसतो हितं पायरीवर." हौशीराम थोडा घुटमळला. मी म्हनलं, "चल रं, त्याला सवय हाय."

आत काय बगितलं ते मी तुमाला रंगवून सांगितलंय. गालिचं, आरसं, पेटीवानी मोठ्ठं वाजाप, पोट हालवून नाचनारी बाई. ते सगळं खरं हाय. मजा आली, लय मजा आली, खोटं कशाला बोलू. दार उगडलं की पायरीवर कोंडूची पाट दिसायची. म्हून मी खुर्ची फिरवून बसलो.

भायेर आलो तर पायरीवर कोनबी न्हाई. लाल टोपीवाल्या लष्करी पोलिसांनी त्याला उचलून नेलता. वर्दीत आन पायात बूट न्हाईत म्हून.

दुसऱ्या दिशी त्याला साहेबापुडं उबा केला. मला बोलावलं. साहेबानं इचारलं, हा तुज्या संगं हुता का, ह्याचं बूट कुटं गेलं. कोंडू समोर उबा, डोळं जिमिनीवर. मी म्हनलं, "फिरताना मागं ऱ्हायला साहेब. मला म्हाईत न्हाई." चौदा दिस. भर उनात, पाटीवर वाळूची पिशवी घिऊन पळायचं. मी सावलीत बसून बगायचो. पलटनीत त्याचं नावच पडलं, 'देवाच्या दारात'. आन आटव्या दिशी माज्या बाहीला फीत लागली. त्या दिशी कोंडू पिशवी घिऊन माज्या म्होरनं गेला आन म्हनला, "रामराम नाईक." तवापासनं मला त्यानं महिपा म्हनलं न्हाई.

आजून एक हाय. ते सगळ्यात वंगाळ.

दर बुटाच्या तळव्याला, खोलगट जागी, जवानाचा नंबर ठोकल्याला आसायचा. कोंडूला लिवता-वाचता येत न्हवतं. पन त्याच्या नंबराच्या शेवटाला दोन पूज्यं हुती, आन तेवड्यावर तो शंभर जोड्यांतनं आपली जोडी काडायचा. अंधारातबी, अंगठा फिरवून. मी मोच्याकडनं कानस आनली आन रावटीत बसून तो नंबर घासला. बाकीचं आकडं गेलं, पूज्यं खोल बसल्याली, ती जाईनात. मग त्यांच्यावरच माजं आकडं ठोकलं. लढाईत ती जोडी मी घातली न्हाई, सरकारी दुसरी जोडी वापरली. पिशवीच्या तळाला ठिवली. सुटून आलो तवा माजी दुसरी जोडी पार फाटली हुती, आन गावात तर तुमी मला नाईक म्हनाया लागला हुता. नाईकाला बूट पायजेत. म्हून हीच काडली.

आता परवाची जत्रा. माजं नवं व्याही, लोनावळ्याचं रखमाजीराव, रेल्वेत हायेत. त्यास्नी घिऊन मी एकवीरेला गेलो. पायऱ्यांवर दमून बसलो तर ते म्हनलं, "ती बुटांची गोष्ट सांगा की, महिपतराव." मी सुरू केली. तेवड्यात खालनं कोंडू आन त्याची बायको गंगी वर येताना दिसली. मला काय दुर्बुद्धी झाली, मीच हाक मारली. म्हनलं, "ह्योच बगा तो, देवाच्या दारात." कोंडू हासला. गोष्ट संपस्तवर सगळ्यांच्या संगं हासत उबा ऱ्हायला. गंगी हासली न्हाई. ती त्याच्या अनवानी पायांकडं बगत हुती.

देवीच्या दारात आमी जोडं काडलं. कोंडू म्हनला, "जावा नाईक, मी बसतो जोड्यांपाशी." मी आत गेलो.

मी आदी भायेर आलो. कोंडू एकलाच बसला हुता. माजी जोडी मांडीवर, उलटी. अंगठा तळव्यावर, खोलगट जागी, एकाच ठिकानी फिरत हुता. मला बगितलं तरी त्यानं अंगठा काडला न्हाई.

मी म्हनलं, "कोंडू, ही तुजी हाय."

"ठाव हाय," म्हनला. "तुज्या रावटीतनं कानस ऐकली हुती मी त्या दिशी."

पाच वर्सं. पाच वर्सं त्याला ठाव हुतं, आन गावात आल्यापासनं तो ह्या चावडीच्या कडंला बसून माजी गोष्ट ऐकत हुता. मी त्याच्यापुडं खाली बसलो. म्हनलं, घे ही, घिऊन जा. तो म्हनला, "बुटांचं काय न्हाई. ते मी दिलं हुतं. चौदा दिसबी गेलं." मग गंगी येतीया का ते बगितलं आन हळूच म्हनला, "पन महिपा, ती गोष्ट हिच्यासमोर नगं सांगूस. हिला वाटतंय, आपला नवरा येडा हाय."

महिपा म्हनला. पाच वर्सांनी.

तेवड्यात रखमाजीराव आलं, म्हनलं, "चला नाईक." तितं बोलायचं हुतं मला. चार शब्द. गंगीबी आली हुती. आन मी काय केलं, तर ही जोडी पायात घातली आन व्याह्यांच्या मागं पायऱ्या उतरलो.

म्हून आज तुमाला बसवलंय. ही बगा जोडी. अंबाजीआबा, हात लावा, अंगठा फिरवा. लागतंय का काय? दोन हायेत. उंद्या ही घिऊन मी वस्तीवर जानार हाय, आन गंगीला समोर बसवून हेच समदं सांगनार हाय. तो बूट घील का न्हाई, मला ठाव न्हाई. मला परत महिपा म्हनंल का, तेबी ठाव न्हाई.

तुमी एवडंच करा. मला ती गोष्ट परत सांगाया लावू नका. आन कुनी तुमाला इचारलीच, तर अशी सांगा: देवाच्या दारात बूट महिपतीनं काडलं हुतं, आन अनवानी कोंडू चालला.