दोनशे ऐंशी किलोमीटर, डाव्या कडेने

मी मोटारसायकल बोलतेय. काळी, बुटकी, जरा रुंद. बांधा माझा क्रूझरचा: बैठक खाली, हँडल ऐसपैस, पाय पुढे पसरून बसायचं आणि मागच्याला पाठ टेकायची सोय. पोटात इंजिन मात्र एकशे साठ सीसीचं. थोडक्यात, अंगापिंडाने पैलवान आणि आवाज शिलाई मशीनचा!

माझा पहिला मालक विमा कंपनीत होता. तो माझ्या रूपावर भाळला. एका रविवारी त्याने मला मित्रांच्या मोठमोठ्या गाड्यांबरोबर हायवेवर नेलं. त्या भुर्रकन दिसेनाशा झाल्या. ऐंशीच्या वर गेलं की माझं हँडल थरथरायचं आणि आरशात मागचा एक ट्रक दोन दिसायचा. आम्ही पेट्रोलपंपावर पोचलो तोवर मित्रांचं खाणंपिणं उरकून जांभया सुरू झाल्या होत्या. घरी आल्यावर त्याने माझ्यावर जे कापड टाकलं, ते दीड वर्ष काढलं नाही. मला वाटलं, संपलं आपलं.

मग ती आली. वय पन्नास, उंची बेताची. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची, त्यामुळे नखांत कायम प्लास्टरची पांढरी पूड. ती माझ्यावर बसली, दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकले आणि ती खुदकन हसली. "आजवर एकाही गाडीवर माझे पाय टेकले नव्हते," ती म्हणाली. त्याच दिवशी मी तिच्या घरी गेले.

घरात तिची आई होती, शहात्तर वर्षांची. आईला गाडी लागायची. बस असो, मोटार असो, दार लावलं की दहाव्या मिनिटाला तिच्या पोटात ढवळायला लागे. आईची थोरली बहीण, म्हणजे मावशी, राहायची दोनशे ऐंशी किलोमीटरवरच्या गावी, जिथे रेल्वे जात नाही. अकरा वर्षं दोघींची भेट नव्हती. दर रविवारी फोन व्हायचा. पण आता मावशीचे कान गेले होते. "बरी आहेस का?" आई ओरडायची. "परी? कोण परी?" तिकडून यायचं. एका रविवारी आईने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "आता नको लावूस. ती थकते, मीही थकते."



दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. रिक्षा मिळेना, म्हणून लेकीने आईला माझ्यावर बसवलं. वारा लागला, पाठ टेकली. परत दारात आल्यावर लेकीने घाईघाईने विचारलं, "मळमळतंय का?"

"छे! अजून एक चक्कर मार ना."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं, ते मला तेव्हाच कळलं: दोनशे ऐंशी किलोमीटर!

बेत ऐकून तिचा भाऊ म्हणाला, "ती गाडी नुसती दिखाऊ आहे. हायवेवर मान टाकेल." लेक मला मेकॅनिककडे घेऊन गेली. त्याने तेल बदललं, साखळी ताणली, ब्रेक तपासले.

"दोनशे ऐंशी किलोमीटर जाईल का हो ही?"

"ही जाईल," हात पुसत तो म्हणाला. "सत्तरच्या वर पळवू नका, तासाला एकदा थांबा. तुमच्या कमरा टिकतील का, ते बघा."

उजाडता उजाडता आम्ही निघालो. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, आईच्या खाली उशी. साठ-पासष्टला माझा सूर असा लागला की मी स्वतःवरच खूश झाले. शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने मी हलायचे, खड्डा आला की त्या बसक्या बैठकीतून दणका थेट दोघींच्या कण्यात. पण दर तासाला आईला गुडघे मोकळे करायचेच होते आणि मलाही गार व्हायचं होतं. आमचं छान जुळलं.

मग घाट लागला. दोन माणसं, दोन पिशव्या आणि समोर उभा चढ. गिअर चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. वेग तीसवर आला. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. लेकीने घाबरून मला कडेला घेतलं.

"आई, परत फिरू या. हिच्यात दम नाही गं."

हे ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आई हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "दम नाही कसा? चढतेय की! मी जिना असाच चढते. मला कधी म्हणालीस, दम नाही म्हणून?"

लेकीने मागची गाड्यांची रांग दाखवली.

"ज्यांना घाई आहे त्यांना जाऊ दे पुढे. तू दुसऱ्या गिअरातच ठेव आणि चल."

आम्ही दुसऱ्या गिअरात, डाव्या कडेने, गुरगुरत चढलो. माथ्यावर वारा गार होता आणि पलीकडे मैलोगणती उतार. आई मागून चक्क ओरडली, "हुर्रे!"

दुपारी चारला मावशीचं घर आलं. ती दाराशीच खुर्चीत बसली होती. आई तरातरा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, हेल्मेटसकट.

"कोण पाहिजे?" मावशीने विचारलं.

आई आतून काहीतरी बोलली. मावशीला ऐकू येईना, आईच्या आखडलेल्या बोटांनी पट्टा सुटेना. "मी आहे मी!" आई ओरडत होती आणि मावशी घाबरून घरात हाका मारत होती. लेक इतकी हसत होती की तिच्याच्यानेही पट्टा निघेना. शेवटी निघाला. मावशीने ते विस्कटलेले पांढरे केस पाहिले आणि आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

मग रागावून म्हणाली, "एवढा उशीर?"

आई तिच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "घाटात गर्दी होती गं."

त्यानंतर आमच्या सहा खेपा झाल्या. माझी साखळी बदलली, सीट एका बाजूने उसवलीय, आवाजही थोडा बसलाय. लांबच्या हायवेला माझ्यासारखी गाडी चालते का, असं लोक विचारतात. वेळेशी शर्यत असेल तर मला घेऊ नका, दोघांचंही हसं होईल. पण वाटेत थांबायची तयारी असेल, तर मी कुठेही नेईन.

तुम्हाला एकच विनंती. डाव्या कडेने रमतगमत जाणारी बुटकी काळी गाडी दिसली, तर भोंगा वाजवू नका. अंतर ठेवून खुशाल पुढे जा. जाताना मागच्या सीटवरची म्हातारी तुम्हाला हात करील. तुम्हीही करा. किती जणांनी केला ते ती मोजते आणि पोचल्याबरोबर बहिणीच्या कानात सांगते. मागच्या खेपेला एकेचाळीस झाले होते.