शांत साखर

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांच्या चौकटींत बसली होती आणि प्रत्येकानं घरची साखरेची बरणी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. स्टेजवर लांब टेबल, एक ओव्हन, दोन काचेचे पेले आणि पांढऱ्या एप्रनमधला गोडबाबा. जटा नाहीत, माळा नाहीत. हल्लीचे बुवा हुशार झालेत. ते एप्रन घालतात आणि लुटीला कार्यशाळा म्हणतात. या कार्यशाळेची फी दारातच घेतली होती, आणि फलक होता: 'घरच्या घरी शांत साखर! केक, आयसिंग, जॅम, सगळं खा!'

"साखर वाईट नाही हो, मायबाप!" गोडबाबा माईकवर विरघळत होता. "कारखान्यात तिला चिरडतात, उकळतात. तिला राग येतो. तोच राग तुमच्या रक्तात चढतो आणि डॉक्टर त्याला मधुमेह म्हणतात. राग काढा, साखर शांत होते. गोडी तीच, ताप नाही!"

टाळ्यांनी छत हादरलं.

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका. विज्ञानाला विचारा!" त्यानं मेडिकलच्या दुकानात मिळणारी, लघवीतली साखर तपासायची पट्टी वर धरली. एका पेल्यात 'बाजारची दळलेली साखर' ढवळली आणि पट्टी बुडवली. निळी पट्टी बघता बघता तपकिरी झाली. हॉलनं श्वास आत ओढला. मग तो दुसऱ्या बरणीवर वाकला, "शांत हो, शांत हो" असं पुटपुटला, लाकडी चमचा डावीकडे फिरवला, ती साखर दुसऱ्या पेल्यात टाकली आणि नवी पट्टी बुडवली.

निळीच्या निळी.

"शून्य!" तो गरजला. "या, चाखा!"

पुढच्या रांगेतल्या निवृत्त बँक मॅनेजरांनी घोट घेतला आणि त्यांचे डोळे भरले. "गोड आहे हो," ते म्हणाले. "खरंच गोड आहे."

मग सगळ्या हॉलनं आपापल्या बरणीत चमचा फिरवला, मंत्र पुटपुटला, साखर पाण्यात विरघळवली आणि बाबानं वाटलेली पट्टी बुडवली. सगळ्यांच्या पट्ट्या निळ्या. घरून आणलेली साखर, स्वतःचा हात, स्वतःचे डोळे. आता बोला!

माझ्या शेजारी माझी ताई रडत होती. ताई घरी केक करून विकते, अख्ख्या गल्लीचे वाढदिवस तिच्या ओव्हनमधून निघतात. आणि तिच्याच पोरीला, आमच्या ठिणगीला, अगदी लहानपणापासून मधुमेह. प्रत्येक जेवणाआधी बोट टोचायचं, मग इन्सुलिनची सुई. केकवालीची पोर, पण केकचा घास घ्यायचा तो सुई घेऊनच.

"ताई, हा माणूस चोर आहे," मी म्हणालो.

"तुला सगळं जग चोर दिसतं. म्हणून तुझ्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक टिकत नाही."

"अगं, पण..."

"पट्टी कशी फसवली ते सांग. येतंय सांगता? नाही ना? मग गप बस."



ताईच्या घरात शांत साखरेचं आयसिंग झालं, बिस्किटं झाली, जॅम झाला. जॅममध्ये बुडवलेली पट्टी तपकिरी झाली तेव्हा तिनं बाबाला फोन लावला. "फळ रागीट आलं असेल, बहिणी," बाबा म्हणाला. "फळालाही समजवा." या लोकांच्या पोतडीत प्रश्नाआधीच उत्तर तयार असतं. आणि त्याच फोनवर त्यानं ते वाक्य टाकलं, ज्यासाठी त्याला तुरुंगात सडवलं पाहिजे: "शांत साखरेला सुई लागत नाही. सुई टोचली की साखर पुन्हा चिडते. हळूहळू सोडवा."

ताई एकेक सुई सोडवत गेली.

एका दुपारी मी जेवायला ताईकडे गेलो, तर ठिणगी ओट्याला टेकून घटाघटा पाणी पीत होती आणि प्यायलेलं ओकत होती. धाप लागल्यासारखा श्वास, तोंडाला पिकून सडत चाललेल्या फळाचा वास. मी तिला उचलली. पोर हाताला हलकी लागली, वाळल्या लाकडासारखी.

"इन्सुलिन कुणी बंद केलं?" हॉस्पिटलात ठिणगीच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिनं शून्य साखरेचाच केक खाल्लाय हो," ताई म्हणाली.

"केक न खाताही हिला इन्सुलिन लागतं! ते मिळालं नाही तर शरीर स्वतःचीच चरबी जाळतं आणि रक्तात विष साठतं. अजून थोडा उशीर केला असता तर तुमच्याशी मी हे बोलतच नसते. दुसरंच काहीतरी सांगायची वेळ आली असती."

ठिणगी वाचली. शुद्ध नीट आल्यावर, हाताला सलाईन असताना, तिनं आईला विचारलं, "आई, गोडबाबाकडे नेण्याआधी आपली साखर कुणी तपासली होती?"

"आधी कशाला तपासायची?"

"मी सुईच्या आधी बोट टोचते, नंतर पण टोचते. आधीचा आकडा नसला की डॉक्टरीणबाई मला झापतात. बाबाला कुणीच नाही झापलं?"

अख्खा हॉल, त्यात पदवीवाले, पेन्शनवाले, चष्मेवाले. एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. डोकं बरणीच्या झाकणासारखं काढून घरीच ठेवून आले होते सगळे.

त्या संध्याकाळी ताईनं दुकानातून साखरेची नवी पिशवी आणली. मंत्र नाही, चमचा नाही. पाण्यात विरघळवली, पट्टी बुडवली. निळी! ताई स्वयंपाकघरात फतकल मारून बसली ती उठेचना.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. पट्टी ओळखते फक्त ग्लुकोज. आपण खातो ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज नावाची फळातली साखर यांची घट्ट जोडी. जोडी बांधलेली असेतोवर पट्टीला ती दिसत नाही. पोटात गेली की आतडं ती जोडी फोडतं आणि ग्लुकोज सरळ रक्तात जातं. फळांत मोकळं ग्लुकोज असतंच, म्हणून जॅमनं बाबाला उघडं पाडलं होतं.

"मग त्याचा पहिला पेला तपकिरी कसा झाला?" मी विचारलं.

"त्यात साखर नव्हतीच. ग्लुकोजची पावडर असणार."

"ही जोडी पोटाबाहेर फोडता येते?" ताईनं विचारलं.

"आंबट घालून उकळली तर फुटते."

ताई उभी राहिली. केकवर लावायच्या पाकात ती नेहमी लिंबू पिळते, पाकाचे परत खडे होऊ नयेत म्हणून. "म्हणजे माझा लिंबाचा पाक!" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी आमच्या आईच्या मारकुट्या दिवसांतच पाहिलं होतं.

पुढच्या कार्यशाळेत लोक नव्या साखरेच्या बरण्या घेऊन बसले होते. ताई पाकाची बाटली घेऊन थेट स्टेजवर चढली. मी मागे.

"बाबा, ही तुम्ही शांत केलेली साखर. लिंबू पिळून उकळलीय. बुडवा पट्टी."

"लिंबानं साखर चिडते, बहिणी," तो हसत म्हणाला.

"पोटात गेल्यावरही चिडते. माझी पोर मरता मरता राहिली, तेव्हा कळलं मला!" तिनं स्वतःच पाकाचे थेंब पाण्यात टाकले आणि पट्टी बुडवली. तपकिरी. मग ती हॉलकडे वळली. "बसलात काय? कुणी चमचा फिरवायचा नाही, कुणी पुटपुटायचं नाही. आपापली बरणी आत्ता, अशीच तपासा!"

मग झाकणं उघडल्याचा आवाज आला. रांगेमागून रांगेत पट्ट्या वर झाल्या. निळी. निळी. निळी. बँक मॅनेजर उभे राहिले. "माझी तर... मंत्राआधीच शांत आहे हो."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग हॉल हसला, आणि मग हसू थांबलं. बाबा मागच्या दाराकडे सरकला. मी टेबलावरचं कापड ओढलं. खाली ग्लुकोज पावडरचे डबे रचलेले होते. पोलीस येईपर्यंत लोकांनी दार अडवून धरलं.

दुसऱ्या दिवशी एक बाई ताईला म्हणाल्या, "पण बोलायचा किती गोड!" ताईनं त्यांच्या तोंडावर दार लावलं.

आता ताईकडे घरी केलेले बिनसाखरेचे केक मागायला लोक येतात. ती खजूर वाटून घालते आणि बजावते, "यातही साखर आहे. मोजून खा, औषध सोडू नका." ठिणगी बोट टोचते, आकडा बघते, सुई घेते आणि मग केक खाते. मिटक्या मारत.

गोडबाबा आत आहे, पण एप्रन बाजारात खूप आहेत. उद्या दुसरा कुणी ते घालेल आणि साखरेऐवजी तेल नाहीतर पाणी शांत करून दाखवेल. तो जादूनंतरची पट्टी नाचवेल, तेव्हा टाळ्या वाजवू नका. भर हॉलमध्ये उठून, लाज न बाळगता विचारा: आधीची कुठाय?