सरांचं अर्धं पाऊल

"गुडघ्याला काय धाड भरलीय? काही झालेलं नाही," असं म्हणत हे पलंगाची कड धरून उठले आणि माझं डोकं फिरलं. समोर आमची लेक उभी, डोळे लाल. तिचे सगळे विद्यार्थी कुंग फूच्या स्पर्धेतून हात हलवत परत आले होते. परीक्षकानं तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमच्याकडची सगळीच मुलं वळताना डाव्या पायावर लंगडतात का म्हणून.

लंगडतील नाही तर काय! ह्यांनी या शहरात कुंग फू आणलं तेव्हा ते फक्त सिनेमाच्या पोस्टरवर होतं. लोक हसायचे. शाळेच्या हॉलमध्ये बाकं सरकवून ह्यांनी वर्ग सुरू केला, आणि बघता बघता प्रत्येक वस्तीत ह्यांचा कोणी ना कोणी शिष्य शिकवायला लागला. सुतार, नर्सबाई, बँकेतला कारकून, सगळे पहाटे उठून हवेत गुद्दे मारायला लागले. मारेनात का बापडे. पण मधेच हे टाकीचं झाकण बसवायला वर चढले आणि शिडीसकट खाली आले. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. छे! दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून वर्गात हजर.

तेव्हापासून डावा गुडघा नीट वाकेना. वळताना हे एक अर्धं पाऊल टाकून तोल सावरायचे. शिष्यांना वाटलं, यात काहीतरी खास आहे. त्यांनी ते घोटलं, पुढच्यांना शिकवलं. एका दीडशहाण्यानं तर त्याला 'सरांचं अर्धं पाऊल' असं नावच देऊन टाकलं. म्हणे, समोरचा फसतो. आणि हे ढिम्म. मास्तरानं आपलं दुखणं सांगायचं नसतं म्हणे. रोज रात्री गुडघ्याला तेल चोळायला मात्र मी.

"बाबा, तुम्हीच सांगा तुमच्या जुन्या शिष्यांना," लेक म्हणाली. "मी सांगितलं तर म्हणतात, सरांपेक्षा शहाणी झालीस का."

हे जेवायला बसले. म्हणाले, आता सांगितलं तर लोक म्हणतील, जन्मभर चुकीचं शिकवलं. मी म्हटलं, म्हणू देत. तुमच्या मानापायी पोरांनी किती वर्षं हरायचं? तेव्हा ताट सारून उठले. दारापाशी थांबून एवढंच म्हणाले, "दुसरं आहे काय माझ्याकडे?" मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राग काही गेला नाही.

असाच आठवडा गेला. मग स्वतःच सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. ऐनवेळी पळवाट काढतील म्हणून मीही जाऊन दारात उभी राहिले.

ह्यांनी उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून नमस्कार केला आणि म्हणाले, "वळतानाचं ते पाऊल चूक आहे. माझा गुडघा अधू आहे म्हणून मी तसं टाकतो. तुमचे गुडघे चांगले आहेत."

ह्यांचा सगळ्यात जुना शिष्य तो कारकून, आता पार टक्कल पडलेला. तो हळूच म्हणाला, सर, मी तर हेच शिकवत आलो. हे म्हणाले, ठाऊक आहे, आता काढून टाकायचं.

काढणं का इतकं सोपं असतं? सगळे वळले की पाय आपोआप अर्धे पडायचे. हे वैतागायचे, ओरडायचे, थांबा, मी दाखवतो म्हणत पुढे व्हायचे आणि स्वतःच तेच पाऊल टाकायचे. मागोमाग अख्खा हॉल इमानदारीत तस्साच लंगडायचा. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी हे थांबले. लेकीला पुढे बोलावलं, आपल्या जागेवर उभं केलं. परीक्षकाच्या त्या प्रश्नापासून ती रोज आरशासमोर सरळ वळायचा सराव करत होती.

"हिच्याकडे बघा. माझ्याकडे कोणी बघायचं नाही."

आणि चालत मागे गेले, शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीपाशी. लेकीनं आवाज दिला. अख्खा हॉल वळला, या वेळी पाऊल सरळ पडलं. मागे हेही वळले, तोल गेला, अर्धं पाऊल टाकून भिंतीला हात लावला. एकानंही मान वळवून पाहिलं नाही. सरांनीच तसं सांगितलं होतं.